मुकुट, मतपेटी आणि मर्जी

१ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला बसवली, तेव्हा या शहराला दोन घटनात्मक प्रमुख होते. देशाचा प्रमुख निवडून आलेला होता. हैदराबाद राज्याचे प्रमुख, म्हणजे राजप्रमुख, होते मीर उस्मान अली खान, १९११ पासून गादीवर असलेले सातवे निजाम. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा ज्यांच्या राज्यात शिरल्या, त्याच निजामांच्या नावाने आता भारताच्या राज्यघटनेखाली मराठवाड्याचा कारभार चालत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजप्रमुखपद संपले, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्याच्या वाट्याला दिल्लीहून नेमलेला राज्यपाल आला. वंशाने आलेला, मतांनी आलेला आणि नेमणुकीने आलेला असे प्रमुखांचे तिन्ही प्रकार या भागातल्या एकाच पिढीने पाहिले. त्यामुळे घटनात्मक राजेशाही बरी की निवडलेला राष्ट्रप्रमुख, हा वाद छत्रपती संभाजीनगरात बसून तपासायचा तर लंडन-पॅरिसचे दाखले उसने आणायला नकोत. आपल्याच दफ्तरात भरपूर पुरावा आहे. तो पुरावा पाहिला की लक्षात येते, की प्रमुख पदावर कसा येतो यावरच आपण सारा खल करतो. त्याचे गुणदोष मात्र बरेचसे ठरतात ते तो पदावरून कसा जाऊ शकतो यावर.

राजेशाहीची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती लेचीपेची नाही. वॉल्टर बॅजट या इंग्रज पत्रकाराने १८६७ मध्ये ती सर्वांत नेमकी मांडली. राज्यव्यवस्थेचा एक भाग काम करतो आणि दुसरा लोकांची निष्ठा बांधून ठेवतो. हे दुसरे काम राजाने करावे, म्हणजे पंतप्रधानाला देवघरात बसवण्याची वेळ येत नाही, असा त्याच्या विवेचनाचा मथितार्थ. मंत्र्यांनी राजाचा सल्ला घ्यावा, राजाने त्यांना उत्तेजन द्यावे, धोक्याची सूचना द्यावी आणि तिथे थांबावे, असे तीन हक्क त्याने राजाला दिले. राजाने निवडणूक लढवलेली नसते, त्यामुळे कोणत्याही पक्षाचे देणे त्याच्या माथी नसते. पिढ्यान्पिढ्या तेच घराणे असल्याने सरकारे बदलली तरी राज्याचा धागा तुटत नाही. नॉर्वेने १९०५ मध्ये स्वीडनपासून वेगळे झाल्यावर सार्वमत घेऊन मुद्दाम राजा आणला. स्पेनमध्ये २३ फेब्रुवारी १९८१ रोजी बंदूकधारी शिपाई संसदेत घुसले, तेव्हा राजा हुआन कार्लोस यांनी दूरचित्रवाणीवरून लोकशाहीची बाजू घेतली आणि बंड फसले. आज जगात चाळीसच्या आसपास राजेशाह्या आहेत, आणि नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन, नेदरलँड्स हे त्यांतले देश सुबत्ता आणि स्वातंत्र्य या दोन्ही कसोट्यांवर जगात अग्रभागी आहेत. एवढा पुरावा असताना राजा ही केवळ जुनाट हौस आहे, असे म्हणून चालणार नाही.

पण ही मोजणी तगलेल्यांची आहे. ज्या राजांनी वेळीच सत्ता सोडली ते टिकले. ज्यांनी सोडली नाही ते रशियात १९१७ मध्ये, जर्मनीत १९१८ मध्ये, इराणमध्ये १९७९ मध्ये गेले आणि यादीतून वगळले गेले. उरलेल्यांकडे बोट दाखवून राजेशाहीमुळे लोकशाही रुजते असे म्हणणे म्हणजे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करणे होय; लोकशाही घट्ट होती म्हणून तिथे राजा निरुपद्रवी राहिला. संकटाच्या रात्री राजा वाचवतो, हेही अर्धेच खरे आहे. १९२२ मध्ये इटलीच्या राजाने लष्करी कायदा पुकारण्याच्या हुकमावर सही नाकारली आणि मुसोलिनीला पाचारण केले. जनतेने निवडून दिलेल्या हिंडेनबुर्ग यांनी १९३३ मध्ये हिटलरला चॅन्सलर नेमले, तेव्हा निवडणुकीचीही यात शेखी मिरवण्यासारखी परिस्थिती नाही. ज्या हुआन कार्लोस यांनी १९८१ मध्ये लोकशाही राखली, ते २०१४ मध्ये पायउतार झाले आणि २०२० मध्ये आर्थिक व्यवहारांवरच्या आरोपांच्या गदारोळात देशाबाहेर गेले. माणसे दोन्हीकडे चांगली-वाईट निघतात. म्हणून व्यवस्था तोलायची ती तिच्यातल्या उत्तम माणसावरून तोलू नये. माणूस वाईट निघाला तर ती व्यवस्था काय करू शकते, हे पाहावे.

हैदराबाद संस्थानात हाच प्रश्न पुस्तकाबाहेर येऊन उभा राहिला. आज मराठवाडा मुक्तिसंग्रामाची आठवण निघते तेव्हा एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसची मागणी निजाम हटवण्याची नव्हती. आसफजाही घराण्याच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती द्या, एवढीच होती. दुसऱ्या शब्दांत, घटनात्मक राजेशाहीच मागितली जात होती. त्या मागणीला उत्तर मिळाले ते बंदीचे. संघटना नीट उभी राहण्याआधीच बेकायदा ठरली, ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी तुरुंगात गेले. त्याच हंगामात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातही वंदे मातरम् चळवळ पेटली. जुलै १९३९ मध्ये जाहीर झालेल्या सुधारणांत विधिमंडळ आले, पण प्रतिनिधित्व धंदे आणि हितसंबंध यांच्या वाटणीने होते आणि मंत्री निजामालाच जबाबदार राहिले. युद्धामुळे त्याही लांबणीवर पडल्या. जून १९४७ पर्यंत स्टेट काँग्रेस भारतात विलीनीकरणाच्या मागणीवर आली होती. राजाने वाटेकरी होऊ दिले असते तर प्रजेने त्याला ठेवले असते, अशी नऊ वर्षे निजामाला मिळाली होती. ती वाया का गेली? राजाने सत्ता सोडावी की नाही, हा निर्णय त्या व्यवस्थेत एकट्या राजाच्याच हातात होता. त्याने तो घेतला नाही, तर घ्यायला लावण्याचा शांततेचा मार्ग प्रजेकडे नव्हता. शेवट १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या लष्करी कारवाईत झाला. आणि २३ सप्टेंबरच्या रेडिओ भाषणात निजामांनी सांगितले की लातूरचा वकील कासिम रझवी आणि त्याच्या टोळीने राज्य बळकावले होते, आपण हतबल होतो. हे खरे मानले तर असा राजा काय कामाचा, आणि खोटे मानले तर त्याला जाब विचारणार कोण?

तरीही भारताने त्यांना ठेवले, आणि इथून या कथेला अनपेक्षित वळण लागते. पोलीस कारवाईच्या काळात उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमानांवर झालेली हिंसा सुंदरलाल समितीने नोंदवली होती. धास्तावलेल्या समाजाला धीर देणे, जुन्या नोकरशाहीला नव्या राज्यात सामावून घेणे यासाठी ओळखीचे नाव वर असणे सोयीचे होते. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामांनी फर्मान काढून भारताची राज्यघटना मान्य केली. त्या घटनेच्या ३६६ व्या कलमात राजप्रमुखाची जी व्याख्या होती ती हैदराबादपुरती अशी की, राष्ट्रपती ज्यांना हैदराबादचे निजाम म्हणून मान्यता देतील ते राजप्रमुख. पद व्यक्तीला दिलेले नव्हते, गादीला दिलेले होते. म्हणजे प्रजासत्ताकाच्या मूळ घटनेतच एक वंशपरंपरागत घटनात्मक प्रमुख बसलेला होता. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर बी. रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. स्टेट काँग्रेसचे दिगंबरराव बिंदू गृहमंत्री झाले. ज्यांच्यावर निजामी राजवटीने बंदी घातली होती, ती मंडळी आता निजामाच्या नावाने राज्य करत होती. आणि कारभार सुरळीत चालला. राजेशाहीच्या समर्थकाला यापेक्षा चांगला दाखला शोधून सापडणार नाही.

मात्र तो चालला का, हे पाहिले की दाखला उलटतो. राजप्रमुखाच्या वर राष्ट्रपती होते; मूळ ३७१ व्या कलमाने अशा राज्यांवर दहा वर्षे केंद्राचे सर्वसाधारण नियंत्रण ठेवले होते. निजामपदाची मान्यता राष्ट्रपतींच्या हाती होती, आणि संसदेला घटना दुरुस्त करून ते पदच काढून टाकता येत होते. १९३८ मध्ये ज्यांना प्रजा हलवू शकत नव्हती, ते १९५२ मध्ये हलवता येण्याजोगे झाले होते, आणि म्हणूनच ते आदर्श घटनात्मक प्रमुख ठरले. माणूस तोच, घराणे तेच, गादीही तीच. बदलला होता फक्त जाण्याचा दरवाजा, जो आता उघडता येत होता. पुढे राज्य पुनर्रचना आयोगाने हे पद रद्द करण्याची शिफारस केली आणि सातव्या घटनादुरुस्तीने ते गेले. दंगल झाली नाही, कोणाला आंदोलन करावे लागले नाही. शेजारच्या नेपाळमध्ये १९९० च्या संविधानाने राजाला घटनात्मक केले होते, पण २००५ मध्ये ज्ञानेंद्र यांनी सारी सत्ता हातात घेतली. ती परत घ्यायला २००६ चे जनआंदोलन लागले आणि २००८ मध्ये राजेशाहीच गेली. राजावर अंकुश ठेवणारा कोणी वर नसला की घटनात्मक राजेशाही केवळ राजाच्या संयमावर उभी असते.

यावर महाराष्ट्रात एक आक्षेप हमखास येतो: मग शाहू महाराजांचे काय, सयाजीरावांचे काय? कोल्हापुरात १९०२ मध्ये पन्नास टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवणारा हुकूम निघाला, बडोद्याने १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. तेव्हाच्या कोणत्या निवडलेल्या सभेने हे केले असते? आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो या वादातला नाही. शाहू आणि सयाजीराव हे घटनात्मक राजे नव्हते. त्यांनी जे केले ते हाती सत्ता होती म्हणून, विरोध मोडून काढून केले. बॅजटच्या राजाला असा हुकूम काढता आला नसता. त्याने मंत्र्याला सल्ला दिला असता आणि गप्प बसला असता. त्यांचा मोठेपणा घटनात्मक राजेशाहीच्या खात्यात जमा करता येत नाही, आणि निरंकुश राजेशाहीच्या खात्यात टाकला तर त्याच व्यवस्थेत त्याच काळात औरंगाबादच्या वाट्याला कोण आले, हेही सोबत लिहावे लागते. औंधचे उदाहरण अधिक विचारात पाडणारे आहे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आप्पा पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या साह्याने, गांधीजींच्या सल्ल्याने, जानेवारी १९३९ मध्ये नवी घटना लागू केली आणि ७२ गावांच्या त्या छोट्या संस्थानाची सत्ता ग्रामपंचायतींपासून वर रचली. जे निजामाने नाकारले ते औंधने आपण होऊन दिले. पण आपण होऊन दिले, यातच त्याची मर्यादा आहे. दिलदार राजा मिळणे हा योगायोग असतो. राज्यघटना लिहायची ती राजा दिलदार नसेल तेव्हासाठी.

मराठ्यांच्या इतिहासात सत्ताहीन सिंहासनाचा आणखी जुना प्रयोग आहे. साताऱ्याचे शाहू छत्रपती १५ डिसेंबर १७४९ रोजी वारले आणि पुढच्याच वर्षी सांगोल्याच्या कराराने कारभार पेशव्यांकडे गेला. मान साताऱ्याचा, हुकूम पुण्याचा. पेशवाईची वस्त्रे अखेरपर्यंत साताऱ्याहूनच येत. वरवर पाहता बॅजटच्या दोन भागांची ही वाटणी त्याच्या शंभर वर्षे आधी झाली होती. पण पुण्याची सत्ता कोणत्याही सभेला जबाबदार नव्हती, आणि पेशवेपदही आधीपासून वंशानेच चालत आले होते. मग सवाई माधवरावांच्या काळात पेशवा नावाचा आणि कारभारी नाना फडणवीस, अशी आणखी एक पायरी पडली. राजाच्या हातून सत्ता काढली म्हणजे ती आपोआप लोकांच्या हाती जात नाही. ती कोणाच्या हाती जाते आणि तो कोणाला उत्तर देतो, हे लिहून ठेवले नाही तर खाली नवा राजा तयार होतो.

राजेशाहीचा दुसरा दावा प्रतीकाचा आहे: राजा साऱ्या देशाचा असतो, राष्ट्रपती अर्ध्यांचा. भारतात हा दावा पहिल्याच प्रश्नाला अडतो. कोणते घराणे? इथे साडेपाचशेहून अधिक संस्थाने होती, आणि एकट्या भोसले कुळाच्याच सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या होत्या. हैदराबादची बहुसंख्य प्रजा हिंदू आणि राजा मुसलमान, काश्मिरात याच्या उलट. एका घराण्याला देशाचे प्रतीक करणे म्हणजे बाकी सर्वांना ते प्रतीक तुमचे नाही असे सांगणे. इंग्लंडच्या गादीवर आजही कॅथॉलिक व्यक्तीला बसता येत नाही. राष्ट्रपतिपदावर १९५० पासून झाकिर हुसेन, झैलसिंग, के. आर. नारायणन, जळगावच्या प्रतिभाताई पाटील, द्रौपदी मुर्मू अशी माणसे बसली. यांतल्या प्रत्येक निवडीमागे पक्षाचा हिशेब होता, हे मान्य करू. पण हिशेबापोटी का होईना, ते पद देशभर फिरले. वंशाचे पद असे फिरत नाही. आणि लोकांना घराण्यांबद्दल आदर असेल तर त्यासाठी घटनेत गादी राखून ठेवण्याची गरज नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यातून उदयनराजे भोसले आणि कोल्हापुरातून शाहू छत्रपती निवडून आले. उदयनराजे २०१९ च्या पोटनिवडणुकीत त्याच साताऱ्यात हरलेही होते. शिवछत्रपतींवरची भक्ती आणि त्यांच्या वंशजाला मत न देणे या दोन गोष्टी त्याच मतदाराला एकत्र नांदवता आल्या.

आता निवडलेल्या प्रमुखाची उलटतपासणी. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना राष्ट्रपतीचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे असल्याचे सांगितले होते: राज्याचा प्रमुख, पण कारभाराचा नव्हे. म्हणजे राजाचे काम घेतले आणि वंश वगळला. प्रश्न असा की वंशासोबत राजाचा निःपक्षपातही वगळला गेला का? जून १९७५ मध्ये फखरुद्दीन अली अहमद यांनी मंत्रिमंडळाची बैठक होण्याआधीच आणीबाणीच्या घोषणेवर सही केली, हे त्या पदाचे सर्वांत वाईट उदाहरण. पण पुढे व्यवस्थेने स्वतःला दुरुस्तही केले. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला आणि राष्ट्रपतीला सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकार दिला. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि १९९८ मध्ये बिहारमध्ये राष्ट्रपती राजवट लावण्याचा सल्ला परत पाठवला. कलाम यांनी २००६ मध्ये लाभाच्या पदाचे विधेयक परत पाठवले. बॅजटने राजाला दिलेला धोक्याची सूचना देण्याचा हक्क इथे घटनेत लिहिला गेला आणि वापरलाही गेला. हे शक्य झाले, कारण राष्ट्रपतीला पाच वर्षांची खात्री आहे. त्याला काढायचे तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतांनी महाभियोग चालवावा लागतो. ज्या पक्षाने निवडले त्याला उद्या सकाळी काढता येत नाही.

राज्यपालाला मात्र काढता येते, आणि खरी खोट तिथे आहे. घटना समितीने जुलै १९४७ मध्ये राज्यपाल थेट जनतेने निवडावा असे ठरवले होते. निवडलेला राज्यपाल आणि निवडलेला मुख्यमंत्री यांचे खटके उडतील, या भीतीने मे १९४९ मध्ये नेमणूक आली, आणि तिच्यासोबत राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर, हे कलमही. २००४ मध्ये केंद्रात सत्ता बदलताच उत्तर प्रदेश, गुजरात, हरियाणा आणि गोवा इथले राज्यपाल हटवले गेले. असे मनमानीने करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बजावले. राजाला कोणी हलवू शकत नाही म्हणून तो बेजबाबदार होतो. राज्यपालाला केंद्र सहज हलवू शकते म्हणून तो मिंधा होतो. महाराष्ट्राने त्याचे परिणाम वेगवेगळ्या पक्षांच्या राज्यात भोगले आहेत. फेब्रुवारी १९८० मध्ये दिल्लीत सरकार बदलले आणि इथले पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बरखास्त झाले. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळीच नव्या सरकारचा शपथविधी उरकला. तेव्हा मर्जीच्या साखळीत राष्ट्रपतिभवनही ओढले गेले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने पाठवलेली विधान परिषदेची बारा नावे ते सरकार जाईपर्यंत पडून राहिली. जून २०२२ मध्ये बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय समर्थनीय नव्हता, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी म्हटले, पण तोवर सरकार जाऊन वर्ष होत आले होते.

कोणी म्हणेल, यापेक्षा मैसूरचे राजप्रमुख वाडियार बरे होते. कुणाच्या मर्जीचे तरी नव्हते. ही हळहळ समजण्यासारखी आहे, पण जे हवे ते वंशाशिवाय मिळते. देशाचा महालेखापरीक्षक सरकारच नेमते, तरी तो सरकारच्या हिशेबावर ताशेरे ओढू शकतो, कारण त्याची मुदत ठरलेली आहे आणि त्याला काढण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतकीच अवघड आहे. इस्रायलने आपल्या राष्ट्रपतीला सात वर्षांची एकच मुदत दिली, म्हणजे दुसऱ्या खेपेसाठी कोणाची मनधरणी करायला नको. पुंछी आयोगाने २०१० मध्ये राज्यपालांसाठी नेमके हेच सुचवले होते: पक्की पाच वर्षे, आणि काढायचे तर विधिमंडळात महाभियोग. प्रश्न राज्यपालांच्या सहीच्या वेळेचाही आहे. विधेयकांवर निर्णय घ्यायला राज्यपालांवर न्यायालयाने मुदती लादणे घटनेत बसत नाही, असे घटनापीठाने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे सहीला कालमर्यादा हवी असेल तर ती संसदेने घटनादुरुस्ती करून द्यावी लागेल. १९५६ मध्ये संसदेने एका दुरुस्तीने गादी काढली, पण तिच्या जागी मर्जी ठेवली. राज्यपालाची मुदत, त्याला काढण्याची रीत आणि त्याच्या सहीची कालमर्यादा या तीन गोष्टी घटनेत लिहून झाल्या, की राजा असता तर बरे झाले असते, असे म्हणायला मराठवाड्यात तरी कोणाला कारण उरणार नाही.